वेशीच्या आतलं घर

भाड्याचं घर बघायला गेलं की माणूस आधी नळ सोडून बघतो, मग बाथरूमच्या दाराची कडी लागते का ते बघतो. मीही तेच करणार होते. पण एजंटने हॉलच्या गॅलरीचं दार उघडलं आणि मी नळ, कडी, सगळं विसरले.

समोर काहीच नव्हतं. म्हणजे समोरच्या बिल्डिंगची भिंत नव्हती, कुणाचे वाळत घातलेले कपडे नव्हते, कुणाची काळी टाकी नव्हती. पायाखाली उतारावर एकमेकांना चिकटून बसलेली जुनी घरं, त्यांच्या खाली प्रवरेचं वळण, पलीकडे उसाची शेतं थेट कारखान्याच्या चिमणीपर्यंत. आणि पश्चिमेला, अकोले तालुक्याच्या अंगाला, डोंगरामागे डोंगर असे उभे की शेवटचा डोंगर कुठला आणि ढग कुठला हे कळेना. वारा इतका की एजंटच्या हातातला चाव्यांचा जुडगा आपोआप वाजत होता.

"मॅडम, एक सांगून ठेवतो, नळाला दिवसाआड पाणी येतं," तो म्हणाला.

"हो का," मी म्हणाले. वर्षातून एकदा येतं म्हणाला असता तरी मी तेवढंच म्हणाले असते.

मी सरकारी दवाखान्यात औषधनिर्माती आहे. माझं लग्न झालं आणि मोडलं. त्याला आता इतकी वर्षं झाली की ती गोष्ट सांगायलाही मला कंटाळा येतो. जून महिन्यात माझी या तालुक्याच्या गावी बदली झाली. बदलीचा कागद हातात पडला तेव्हा मी हसले, कारण हे गाव माझ्या वडिलांचं. बाबा इथेच जन्मले, सोळाव्या वर्षी पिंपरीला कारखान्यात लागले, आणि परत म्हणून इकडे फिरकले नाहीत. लग्नकार्याला नाही, मयतीला नाही. गावाचा विषय निघाला की ते पाणी प्यायला उठायचे.

आई जाऊन दोन वर्षं झाली होती. बाबा पिंपरीच्या खोलीत एकटे. अठ्ठ्याहत्तर वय, छातीत धाप, आणि स्वभाव असा की बाथरूममध्ये घसरून पडले तर मला शेजारणीकडून कळायचं. एकदा गॅस रात्रभर मंद सुरू राहिला होता, तेही शेजारणीनेच सांगितलं. त्यांनी आता माझ्याजवळ राहायला हवं होतं, त्याशिवाय माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती. दवाखान्याचे क्वार्टर म्हणजे अंधारकोठडी. तिथे ते आठवडाभरसुद्धा टिकले नसते. "खिडकीतून भिंत दिसती अशा घरात म्हातारं मानूस भिंतीवानीच हुतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. म्हणून गॅलरीत उभी राहिल्यावर माझ्या मनात पहिलं हेच आलं की या घराला बाबा नाही म्हणू शकणार नाहीत. आणि लगेच दुसरं आलं, की हे घर वेशीच्या आत आहे.

गावाचा हा भाग सगळ्यांत उंच. लोक त्याला गढी म्हणतात. खालून बघितलं तर टेकडी वाटते, पण ही टेकडी देवाने केलेली नाही, माणसांनी केलेली आहे. आपल्याकडे शेताची जमीन काळी आणि वस्तीची जमीन पांढरी, हे तर सगळ्यांनाच माहीत असतं. पण पांढरी म्हणजे काय ते मला इथे येऊन कळलं. मातीची घरं बांधायची, ती पडायची, त्यांच्याच मातीवर पुन्हा घरं बांधायची, असं होत होत जमीन वर चढत गेली. गढीच्या नदीकडच्या बाजूला दरड कोसळलेली आहे, तिथे हे उघड दिसतं. राखेचा पट्टा, त्यावर मातीचा, त्यावर भाजक्या विटांचा, मध्येच एखादी चूल जशीच्या तशी. पहिल्या दिवशी मी त्या दरडीत बोट घातलं तर बांगडीचा तुकडा निघाला, शंखाचा, बोटभर. कुणाच्या हातातली बांगडी कधी फुटली आणि ती रडली की हसली, कुणाला ठाऊक. मी तो तुकडा होता तिथे परत खोचला आणि बराच वेळ हात जोडून उभी राहिले. मी देवापुढे हात जोडत नाही, पण तिथे आपोआप जोडले गेले.

अशा जागेत भाड्याने फ्लॅट मिळतो याचंही कारण आहे. गढीला एकच वेस, दगडी कमानीची, आणि त्यातून मोटार आत येत नाही. तरुण मंडळी गाड्या घेऊन बायपासच्या कॉलनीत राहायला गेली. मागे राहिले म्हातारे, मांजरं आणि वाडे पाडून उभ्या केलेल्या दोन-तीन मजली बिल्डिंगा.

घरमालक तळमजल्यावर राहायचे. ऐंशी ओलांडलेले, नगरपालिकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त, पिढ्यान्‌पिढ्या गावच्या देवळाची पूजा असलेल्या घरातले. त्यांच्या वाड्याच्या जागेवरच ही बिल्डिंग. एजंटने मला त्यांच्यासमोर बसवलं आणि चौकशी सुरू झाली.

हा खेळ मला पाठ आहे. आधी नाव विचारतात. मग आडनाव. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही, त्यामुळे समोरच्याचा पहिला डाव फुकट जातो. मग नोकरी. मग घरी कोण कोण, मग "नॉनव्हेजचं कसं काय," मग "कुलदैवत कुठलं," आणि शेवटी, जणू हवापाण्याविषयी बोलावं तसं, "मूळच्या कुठल्या?" इतकं करूनही जे विचारायचं ते विचारत नाहीत. मग म्हणतात, "घरात विचारून कळवतो." आणि घरातलं कुणी कधीच कळवत नाही.

मालकांनी हे सगळं क्रमाने विचारलं. मूळच्या कुठल्या इथे आले तेव्हा माझं डोकं फिरलं.

"इथलीच," मी म्हणाले.

"इथली? कुठल्या आळीतली?"

"आळीतली नाही. वेशीबाहेरची. माझे आजोबा या वेशीचे येसकर होते. आम्ही बौद्ध आहोत. आता घरात विचारून कळवा."

एजंटने चाव्या खिशात घातल्या. मी पर्स उचलली. पण मालक उठून उभे राहिले आणि माझ्याकडे असे बघायला लागले की मलाच अवघडल्यासारखं झालं.

"येसकराची नात?" ते म्हणाले. "चला. चला माझ्याबरोबर."

काठी टेकत ते पुढे आणि मी मागे. उतारावरून आम्ही वेशीशी आलो. मी तोवर दोनदा त्या कमानीखालून गेले होते, पण डोकं खाली घालून. क्लासच्या जाहिराती, वाढदिवसाचे फ्लेक्स, केबलच्या वायरी, यांच्या मागे वेस आहे हे विसरायला होतं. मालकांनी काठीने एक फ्लेक्स बाजूला सारला. मागे दरवाजा होता. सागाचा, लोखंडी खिळ्यांचा, तीन माणसं एकावर एक उभी राहतील एवढा. दुसऱ्या बाजूलाही तसाच. दोन्ही भिंतीला टेकून उघडे उभे.

"तुमचे आजोबा दिवेलागणीला इथे बाहेर उभे राहायचे," मालक म्हणाले. "आणि एकेका घराचं नाव घेऊन हाक द्यायचे. अमक्यांचं कुणी बाहेर आहे का हो? त्या घरातून उत्तर जायचं, आले सगळे. मग पुढचं घर. शेतातून, बाजारातून माणूस परत यायला उशीर झाला तर ते थांबायचे. लांबच्या बाजाराला गेलेली बैलगाडी दुसऱ्या दिवशी येणार हेसुद्धा त्यांना माहीत असायचं. सगळी घरं झाली की ते बाहेरून दार ओढून घ्यायचे आणि ओरडायचे, 'सगळे आत. लावा अडसर!' अडसर आमच्या घराकडे. वेशीतून वर आलं की पहिलं घर ना आमचं. माझे वडील ढकलायचे आणि मी त्यांच्या हाताखालून ढकलायचो. एवढा आवाज! आणि काय सांगू तुम्हाला, तो आवाज झाला की मला गाढ झोप लागायची."

मी कमानीजवळ गेले. कमानीच्या दगडाला हातांनी घासून घासून गुळगुळीतपणा आला होता. त्यात आजोबांचा हात होता. मी आजोबांना पाहिलेलं नाही, ते येसकर होते एवढंच आईकडून कळलेलं. त्यांचा फोटोही नाही. आणि इथे एक माणूस माझ्यासमोर उभा होता ज्याच्या कानात त्यांची हाक होती.

"आणि आजोबा?" मी विचारलं. "अडसर लावल्यावर?"

"ते बाहेर. या ओट्यावर झोपायचे." त्यांनी काठीने कमानीबाहेरचा दगडी ओटा दाखवला. त्यावर आता चहाच्या टपरीवाल्याचे रिकामे क्रेट होते. "राखण त्यांचीच ना."

हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. मी त्या क्रेटकडे बघत राहिले.

"मग आता वेस लावत नाहीत?"

"कशी लावणार? खाली बघा."

मी खाली वाकून बघितलं. दरवाजे रस्त्यात रुतलेले होते. वर्षानुवर्षं डांबरावर डांबर पडत गेलं, त्यावर काँक्रीट, आणि दाराचे पाय गुडघाभर आत गेले. आता ती दारं हत्ती लावूनही हलली नसती.

"तुमच्या लोकांनी धर्म बदलला त्या वर्षी एका संध्याकाळी तुमचे आजोबा आले नाहीत," मालक म्हणाले. "हाक नाही. कोण आत, कोण बाहेर, कुणाला काय माहीत? अडसर घालणार कसा? माझे वडील खाली त्यांच्या घराकडे गेले. म्हणाले, अरे, वेस उघडी आहे. तर तुमचे आजोबा म्हणाले, मग राहू द्या उघडी."

मालक हसले. "तेव्हापासून उघडीच आहे."

मला वाटलं होतं, माझ्या घराण्याच्या नावावर काहीच नाही. जमीन नाही, वाडा नाही. आणि इथे एवढी मोठी वेस उभी होती, एका माणसाच्या एका वाक्यामुळे कायमची उघडी. मी त्या रुतलेल्या दारावर हात ठेवला. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही.

इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मालकांना भरून आलं होतं, आणि भरून आलेली माणसं जरा जास्तच बोलतात.

"दसऱ्याला आम्ही वेशीला तोरण बांधतो," ते म्हणाले. "येसकराचा मान असतो, नारळ आणि उपरणं. घ्यायला कुणी उरलं नाही, तरी आम्ही तो मान मोडला नाही बरं का. दरवर्षी या ओट्यावर ठेवतो. आता तुम्ही आलात. वडिलांना सांगा, यंदा मान घ्यायला या. घराण्याचा मान आहे तुमचा."

"ओट्यावर," मी म्हणाले. "बाहेर."

"हो. तशीच पद्धत आहे."

"काका, आमचा धर्म बदलला तो दसऱ्यालाच. त्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो. ज्या दिवशी आम्ही हे सगळं सोडलं, त्याच दिवशी माझ्या बापाने बाहेरच्या ओट्यावर बसून तुमचं उपरणं घ्यायचं? आणि याला मान म्हणायचं?"

माझा आवाज चढला होता. टपरीवर चहा पिणारे दोघे जण वळून बघायला लागले. मालक काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. अख्खं आयुष्य बरोबर म्हणून घोकलेलं गणित फळ्यावर चुकलेलं दिसावं, तसा होता.

"मला हे कधी सुचलंच नाही," ते म्हणाले. मग काठी उचलून वर वळले. "चावी घेऊन जा. घर तुमचंच."

घर मिळालं, पण ज्यांच्यासाठी घेतलं ते यायला हवे होते. मी बाबांना फोन केला. घर गढीवर आहे म्हटल्यावर पलीकडे इतकी शांतता पसरली की मला वाटलं रेंज गेली.

"तुला दुसरं घर गावलं न्हाई व्हय?" ते म्हणाले.

"बाबा, गॅलरीतून अकोल्याचे डोंगर दिसतात."

"डोंगार मी खालून बघितल्यात. वेशीच्या आत म्या येनार न्हाई. तू ऱ्हा."

त्यात माझा मूर्खपणा असा की मी त्यांना नारळाचंही सांगून टाकलं. वाटलं, ते माझ्यासारखेच भडकतील आणि भडकलेला माणूस निदान बोलतो तरी. त्यांनी फोन ठेवून दिला. पुढचे कितीतरी दिवस मी काहीही विचारलं की "औषध घेतलंय, जेवलोय, ठेव," एवढंच. मी सामान हलवलं नाही. संध्याकाळी दवाखाना सुटला की चावी घेऊन वर जायचे, रिकाम्या हॉलमध्ये चटई टाकून बसायचे आणि उजेड जाताना बघायचे. उसावरचं हिरवं आधी काळं व्हायचं, मग नदी जायची, आणि सगळ्यांत शेवटी डोंगर. दरवेळी मला वाटायचं, एवढं सगळं एकटीने बघायचं तरी कसं. हे मी बाबांवर रागावून म्हणत नाही. खरंच, एका माणसाच्या डोळ्यांत मावेल असं ते नव्हतं.

एका रविवारी बोलता बोलता माझ्या तोंडून दारांचं निघालं. टेम्पो आत येत नाही, सामान हातगाडीवरून आणावं लागेल, वेशीची दारं रस्त्यात रुतलीत त्यामुळे अजूनच अरुंद झालंय, असं काहीतरी मी सांगत होते.

"रुतल्यात म्हंजी?" बाबा म्हणाले.

"म्हणजे डांबराखाली गेलीत. गुडघ्याएवढी."

"मंग लावत्यात कशी?"

"लावतच नाहीत. लागणारच नाहीत आता कधी."

"दोनी?"

"दोन्ही."

पलीकडून त्यांच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती.

"खोटं सांगत आसशील," ते म्हणाले. "मला बघाया पायजे."

गणपती बसायच्या आधीच्या आठवड्यात ते एसटीने आले, हातात एकच पिशवी. राहायला नाही, बघायला, हे त्यांनी उतरल्या उतरल्या मला बजावलं. स्टँडवरून रिक्षाने आम्ही वेशीपर्यंत गेलो. बाबा कमानीच्या बाहेर उभे राहिले. ओट्याकडे त्यांनी बघितलं नाही. ते सरळ दाराशी गेले, धाप लागत असतानाही खाली बसले आणि दार जिथे रस्त्यात शिरतं तिथे बोटाने उकरून बघायला लागले. एक स्कूटरवाला त्यांना वळसा घालून आत गेला. मग त्यांनी खांदा लावून दार ढकलून बघितलं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, स्वेटर घातलेला, दाराला खांदा लावून.

दार तसूभरही हललं नाही. आणि बाबा हसायला लागले. आई गेल्यापासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली, मी पाठ चोळली, तरी ते हसतच होते.

"लई जड हुतं हे," ते म्हणाले. "बापाला वढताना बघितलंय म्या. दात आवळून वढायचा. आन् बग आता!"

तेवढ्यात मालक आले. त्यांना आमच्या येण्याचं मी सांगितलं नव्हतं, पण उतारावरून त्यांना दिसलं असावं. पायात चपलाही नव्हत्या. ते कमानीतून बाहेर आले, बाबांच्या समोर उभे राहिले, आणि दोन म्हातारे एकमेकांना निरखत राहिले.

"तुम्ही धाकटे ना?" मालक म्हणाले. "नदीत डुंबायचा तो?"

"आन् तुमी पुजाऱ्याचा. पोहता येत नव्हतं तुमाला."

"अजून येत नाही." मालकांनी हाताने वरची वाट दाखवली. "वर चला. चहा टाकलाय."

बाबा हलले नाहीत. मला वाटलं, आता ते पिशवी उचलून रिक्षा बोलावणार.

"माजा बाप मला सांगून गेलाय," ते म्हणाले, मालकांना नव्हे, मला. "ज्या रातीला त्यो येशीवर गेला न्हाई, त्या रातीला. म्हनला, पोरा, त्या येशीत आता कामाला जायाचं न्हाई. मान घ्यायला न्हाई, जेवायला न्हाई, बघाया बी न्हाई. गेलो तर ऱ्हायला जाऊ. म्हनून मी कदी गेलो न्हाई. ऱ्हायला कोन बोलावनार हुतं? तू बोलावलंस तवाबी वाटलं, दारं परत लावाया लागलं आस्त्याल."

ते सगळं ऐकून मला आधी काही समजेना. मग समजलं. इतकी वर्षं मी धरून चालले होते की बाबांचा या गढीवर राग आहे. राग नव्हताच. अट होती. आणि ते बघायला म्हणून आले होते, आणि बघायला आत जायचं नाही, हेही त्या अटीतच होतं.

"मग राहायलाच चला," मी म्हणाले. "भाडं मी भरतेय, बाबा. घर आपलं आहे. चला."

त्यांनी मालकांकडे बघितलं. मालक बाजूला सरकले आणि त्यांनी वाट मोकळी करून दिली. बाबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि आत पाऊल टाकलं.

चढावर ते तीनदा थांबले. प्रत्येक वेळी मागे वळून कमानीकडे बघायचे, ती अजून तिथेच आहे का अशा नजरेने. बिल्डिंगखालच्या स्कूटरच्या पार्किंगमध्ये भिंतीकडेला एक भला मोठा लाकडी वासा आडवा टाकलेला आहे. सगळे त्यावर बसून बूट घालतात, भाजी निवडतात. मीही बसले होते. बाबांनी त्याच्याकडे बघितलं आणि मालकांना विचारलं, "ह्योच का?"

"हाच," मालक म्हणाले. "वाडा पाडला तेव्हा टाकवेना. अडसर आहे तो."

बाबा त्यावर ऐसपैस बसले आणि तिथेच चहा मागवला.

पुढच्या आठवड्यात पिंपरीचं सामान आलं. टेम्पो वेशीपाशी थांबला, फ्रिज हातगाडीवरून डुलत वर आला, आणि आमच्या प्रत्येक घरात असतात त्या दोन तसबिरी बाबांनी स्वतःच्या हातांनी छातीशी धरून आणल्या. त्या लावल्यावर मेणबत्त्या पेटवल्या, वंदना झाली, खीर झाली. मग मी त्यांना गॅलरीत नेलं.

ते कठडा धरून उभे राहिले. मी त्यांना कारखान्याची चिमणी दाखवली, डोंगर दाखवले. ते डोंगराकडे बघतच नव्हते. नदीच्या अलीकडे, उताराच्या तळाशी, जिथे आता एसटीच्या मोकळ्या गाड्या उभ्या करतात, तिथे बघत होते.

"आमचं घर तिथं हुतं," ते म्हणाले. "तिथनं वर बघितलं की मान दुखायची. लई उंच वाटायचं हे, आभाळाला टेकलेलं. आन् इथनं खाली बघितलं तर आमी दिसतच न्हाई." मग माझ्याकडे वळून, "ही एवढी माती वर वाहून कुनी आनली आसंल, कदी इचार केलास का?"

त्या दरडीतल्या राखेचे आणि विटांचे थर मला आठवले. बांगडीचा तुकडा आठवला. हात जोडताना मला वाटलं होतं, हे सगळं दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात गेलो. परत येताना बघितलं तर वेशीला तोरण होतं आणि ओट्यावर फक्त टपरीवाल्याचे क्रेट. नारळाविषयी मालकांनी आधी बाबांना विचारलं होतं. बाबा म्हणाले होते, "फोडा आन् समद्यांना वाटा. खोबरं कुनाला न्हाई आवडत?" उपरणं कुठे गेलं ते मी विचारलं नाही.

आता दिवाळीही होऊन गेली. कारखाना सुरू झालाय, चिमणीचा धूर पहाटे नदीवर उतरतो. बाबा सकाळी अडसरावर बसून मालकांबरोबर पेपर वाचतात आणि राजकारणावरून भांडतात. संध्याकाळी ते खाली बाजारात चक्कर मारायला जातात. धाप लागते, मी नको म्हणते, ते जातात.

परवा त्यांना उशीर झाला. दिवस लहान झालेत, बघता बघता अंधारून आलं. मी भाकरी थापत होते. पीठ हाताला तसंच ठेवून दोनदा गॅलरीत डोकावले. डोंगर दिसेनासे झाले, नदी गेली, खालचे दिवे लागले. तेवढ्यात तळमजल्यावरून मालकांची हाक आली.

"ताई, बाबा आले का?"

"नाही अजून, काका."

चपलांचा आवाज आला. ते काठी टेकत उतारावरून वेशीकडे गेलेले मी वरून बघितलं. कमानीखालच्या दिव्यात उभे राहिले, बाहेर बघत.

जरा वेळाने खोकला ऐकू आला, मग दोघांच्या बोलण्याचा आवाज, मग जिन्यावर पावलं. मी दार उघडलं. बाबांच्या हातात मेथीची जुडी होती, चेहरा घामाने भिजलेला.

"वाणी बसवून ठिवतो गप्पांला," ते म्हणाले. मग चपला काढता काढता थांबले. "त्यो पुजारी येशीत कशापायी उभा हुता?"

"तुमच्यासाठी. विचारत होते, तुम्ही आलात का म्हणून."

बाबा एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन तसेच उभे राहिले. मेथीची जुडी खाली पडली, तिकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

"माज्या बापानं पार म्हातारपनापोतर समद्या घरांला इचारलं," ते म्हणाले. "त्याला कुनी इचारलं न्हाई."

तेवढ्यात खालून पुन्हा मालकांचा आवाज आला. त्यांना कमी ऐकू येतं, बाबा कधी पुढे निघून गेले ते कळलं नसावं.

"ताई! आले ना वर?"

मी दारातूनच "हो" म्हणाले.

"आसं न्हाई," बाबा म्हणाले. "गॅलरीत जा. समद्यांला ऐकू जाईल आसं सांग."

मी पिठाच्या हातांनी गॅलरीत गेले आणि जमेल तेवढं मोठ्याने ओरडले, "आले हो काका! आमचे सगळे आत आले!"